रिंगा बसेपर्यंत

गाडीचं इंजिन जळालं तेव्हा गाडीत दोन शहाणीसुरती, डोळ्यांनी धड माणसं बसली होती, आणि दोघांनाही काटा दिसत होता.

काटा आधी मधोमध होता. मग वर सरकला. मग लाल रेघेला जाऊन टेकला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने तिच्याकडे. आणि मग दोघांनी मागे पाहिलं. मागच्या सीटवर, आपल्या चिमुकल्या खुर्चीत, ओठांचा चंबू करून बोचकं झोपलं होतं.

बोचकं म्हणजे त्यांचं आठ महिन्यांचं बाळ. पहिल्यांदा दुपट्यात गुंडाळून हातात दिलं तेव्हा आजी म्हणाली होती, "अगं बाई, हे बोचकं कुणाचं?" आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

बोचकं फक्त गाडीत झोपायचं. मांडीवर नाही, खांद्यावर नाही, आणि पाळण्यात ठेवलं की विंचू चावल्यासारखं उसळायचं. पण कालव्याकाठच्या सरळ रस्त्यावर, चाळीसच्या वेगाने, इंजिनाची एकसुरी घरघर सुरू झाली की दुसरा पूल येईतो मान कलंडलेली. घरघर थांबली की डोळे टक्क उघडे आणि भोंगा सुरू. म्हणून मग झाडाखाली गाडी उभी केली तरी इंजिन चालूच ठेवायचं, आणि तिनेही स्टिअरिंगवर डोकं टेकून चार घटका डोळे मिटायचे. सुट्टीच्या दिवशी नवरा सोबत असायचा, एवढाच फरक.

तर काटा लाल रेघेवर. तिने बोटाने काटा दाखवला. त्याने मान हलवली, म्हणजे दिसलं. तिने भुवया उडवल्या, म्हणजे थांबवू का? त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि लांबच्या पुलाकडे हात केला, म्हणजे तेवढं पुलापर्यंत जाऊ दे, आत्ताच लागलाय गं डोळा. नवरा ग्रंथालयात कामाला होता. गप्प बसणं आणि गप्प बसवणं त्याच्या हाडीमांसी खिळलेलं.

पूल आला तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती.

"धुकं असेल," तो कुजबुजला. भर दुपारी, टळटळीत उन्हात.

मग खाली कुणीतरी पातेल्यांची मांडणी पाडल्यासारखा आवाज झाला, गाडीला एक उचकी लागली आणि सगळं शांत झालं. त्या शांततेत बोचक्याचा एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग त्याने कालव्याच्या दोन्ही काठांना कळवलं की आपण उठलो आहोत.

*

इंजिन बांधून देणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे. गॅरेज त्यांचं स्वतःचं, आवाज त्याहून स्वतःचा. हाताला ग्रीस, केसांना रुमाल, आणि तोंडाला विश्रांती म्हणून नाही. "माझ्या हातची इंजिनं नातवंडं बघतात," असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या. गाडी ओढून आणली त्या दिवशी त्यांनी इंजिन खोललं, आत वाकून पाहिलं आणि दोघांना विचारलं, "काटा बघितला नव्हता?"

"बघितला होता," ती म्हणाली.

"मग?"

"बाळ झोपलं होतं."

मावशींनी पाना खाली ठेवला. त्यांची स्वतःची तीन मुलं होती. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, आणि गॅरेजमधल्या लोकांनी ते वळून पाहिलं, कारण असं कधी झालं नव्हतं.

"समजलं," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्यांदा समजणार नाही."

इंजिन तयार होईपर्यंत घरात जी दुपार उजाडायची तिला दुपार म्हणायचं धाडस कुणाचं नव्हतं. त्यात पहिली तारीख जवळ येत चाललेली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. बाळंतपणापासून तिचं स्टूल रिकामं होतं, आणि मालकांनी निरोप दिला होता, पहिल्या तारखेला आलीस तर तुझी जागा तुझी, नाही तर मला कुणी तरी बघावं लागेल, राग मानू नकोस. तिने राग मानला नव्हता, रात्री उशीत तोंड खुपसून थोडं रडून घेतलं होतं एवढंच. तिला ते स्टूल हवं होतं. चाकाचा तो सूं आवाज, ओल्या काचेचा वास, आणि कुणीतरी नवा चष्मा घालून दाराबाहेरची पाटी वाचतं तो क्षण.

बाळाला सांभाळायला सासूबाई तयार होत्या. फक्त एक अट.

"मी चोवीस तास सांभाळीन गं," त्या म्हणाल्या, "पण मला गाडी चालवता येत नाही. आणि ज्या बाईला गाडी चालवता येत नाही तिच्याकडे तुझं पोर झोपत नाही. झोपलं नाही की संध्याकाळी त्याचा काय अवतार होतो तो तू पाहिलायस. माझे गुडघे आता तेवढे राहिले नाहीत. दुपारी घरात झोपू दे, मग तू खुशाल जा."

त्यांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. एकदा रंगीत तालीम म्हणून त्या बोचक्यापाशी एकट्या राहिल्या होत्या. ती संध्याकाळी घरी आली तर सासूबाई पाळण्याशेजारी बसून तोंडाने "घर्रर्रर्र" असा आवाज काढत होत्या, चेहरा लालबुंद, आणि बोचकं टक्क जागं राहून मोठ्या कौतुकाने आजीकडे बघत होतं. पुढे दोन दिवस त्यांचा घसा बसला होता. सासूबाईंचा आवाज मुळात दांडगा, त्यांची कुजबुजसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची, त्यामुळे ते दोन दिवस घर ओळखू येईना.

*

गाडी घ्यायला तिघंही गेली, बोचकं धरून चौघं. मावशींनी बॉनेट उघडून असं दाखवलं जणू आत नवरी बसली आहे.

"सिलिंडर नव्याने घासलेत. पिस्टन नवे, त्यांच्यावरच्या रिंगा नव्या, बेअरिंगं नवी. पाण्याचा पंप बदलला. आणि हा रेडिएटर. जुना चिखलानं बुजला होता, म्हणून तर ही पाळी आली. नवं इंजिन जुन्या रेडिएटरला जोडून देणारे खूप आहेत. महिन्यात परत तेच रडगाणं. इंजिन बांधून घेताना आधी विचारायचं, का जळलं होतं? ते विचारत नाही त्याच्याकडे गाडी द्यायची नाही."

"म्हणजे आता नव्यासारखी," नवरा म्हणाला.

"नव्यासारखी नाही!" मावशी कडाडल्या. "ओली बाळंतीण आहे ती. हजार किलोमीटर होईपर्यंत बाळंतीणच समजा. जड उचलायला लावायचं नाही, पळवायचं नाही, आणि नुसतं लोळत पडू द्यायचंही नाही. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, तेल बघायचं, पाणी बघायचं, पाइपांचे क्लॅम्प हाताने चाचपायचे. अर्ध्या वाटेवर, पाचशेला, इथे आणायची, तेल बदलायचं. रिंगा घासताना लोखंडाची भुकटी पडते ती त्या तेलात असते."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. "तुझं एवढं केलं होतं का गं आम्ही?"

"माझं तेल कुणी बदललं नाही," ती म्हणाली.

"जड उचलायचं नाही म्हणजे," सासूबाई पदर सावरत मावशींकडे वळल्या, "मी बसायचं की नाही?"

मावशींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही चालाल. तुमची पिशवी नको."

"आणि मुख्य गोष्ट," मावशींनी नवरा-बायको दोघांसमोर बोट नाचवलं. "एकाच वेगाने चालवायची नाही. आणि उभी करून इंजिन चालू ठेवायचं नाही. घरघर घरघर करत बसलं की संपलं."

तिने बोचक्याकडे पाहिलं. "पण का?"

"नव्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत, दोघांची ओळख नाही अजून. वेग वाढवला की रिंगा भिंतीवर दाबल्या जातात, घासतात, बसतात. पाय उचलला की तेल वर ओढलं जातं, भुकटी धुऊन निघते. ओढायचं आणि सोडायचं. ओढायचं आणि सोडायचं. एकसुरी चालवलीत तर भिंत गुळगुळीत होऊन जाते काचेसारखी, मग रिंगा जन्मात बसत नाहीत. गाडी आयुष्यभर तेल पिते."

हे तिला सांगायला नको होतं. काच घासतानाही एकाच जागी दाब देत राहिलं की काच वाया जाते. दाबायचं, उचलायचं, फिरवायचं. तिला सगळं पटलं, आणि पटलं म्हणूनच रडू आलं. ज्या एकसुरी घरघरीवर तिच्या दुपारी उभ्या होत्या तीच नेमकी मना केली होती.

"आणि हे बघा." मावशींनी इंजिनाच्या अंगावर चिकटवलेली बटणाएवढी चकती दाखवली. मधोमध चंदेरी ठिपका. "इंजिन फार तापलं की हा ठिपका वितळून जातो. ठिपका आहे तोवर माझी जबाबदारी. ठिपका गेला की तुमची. मग बाळ झोपलं होतं, बाळ उठलं होतं, काही ऐकणार नाही."

*

पहिल्या दिवशी गाडीने निळसर धूर सोडला आणि नवरा ग्रंथालयाची शिस्त विसरून ओरडला. मावशींना फोन केला. "बांधताना लावलेलं तेल जळतंय," त्या म्हणाल्या. "अजून काय काय दिसेल, दर वेळी फोन करू नका." धूर गेला. बोचकं मात्र राहिलं. घरघर कधी वर, कधी खाली, हे काय चाललंय म्हणून त्याने अख्खा प्रवास निषेध नोंदवला.

दुसऱ्या दिवशीही तेच. ती वेग वाढवायची, बोचकं ओरडायचं. पाय उचलायची, बोचकं श्वास घ्यायला थांबायचं. पुन्हा वेग, पुन्हा ओरड.

"दोघं एकाच लयीत आहेत बघ," नवरा म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन चौक तो वाचनालयासारखा बसून राहिला.

मग सासूबाई यायला लागल्या. घरी बसून काळजी करण्यापेक्षा गाडीत बसून करावी, असं त्यांचं म्हणणं. पिशवी घरी ठेवून, बोचक्याशेजारी मागे बसून त्यांनी लगेच सूत्रं हातात घेतली.

"ओढ!" त्या गरजल्या. सुनेने पाय दाबला. "आता सोड!" सुनेने पाय उचलला. गाडी पुढे झुकली, सासूबाई पुढे झुकल्या, आणि बोचक्याच्या पोटातून एक नवाच आवाज आला.

नवऱ्याने मान वळवून मागे पाहिलं.

"हसलं का ते?" नवरा म्हणाला.

"ओढ!" सासूबाई म्हणाल्या. "सोड!"

बोचकं खिदळलं. पायमोजा उडाला. पुन्हा ओढ, पुन्हा सोड, आणि दर सोडीला ते असं खदखदून हसायचं की उचकी लागायची. नवराही मागे वळून "सोऽऽड" करायला लागला. चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या दुधाच्या गाडीवाल्याने खिडकीतून डोकावून पाहिलं, तर एक आजी दोन्ही हात वर करून ओरडत होती, एक बाप टाळ्या पिटत होता, आणि चालवणारी बाई स्टिअरिंगला धरून हसता हसता डोळे पुसत होती.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"इंजिन रुळवतोय!" सासूबाईंनी सांगितलं, आणि सिग्नल हिरवा झाला.

अर्ध्या वाटेवर तेल बदललं. मावशींनी जुनं तेल उन्हात धरून त्यातली चकाकणारी भुकटी दाखवली, आणि इंजिनाला कान लावून म्हणाल्या, "बसतायत."

इंजिन रुळत होतं, बोचकं मात्र झोपत नव्हतं. आता ते गाडीतही झोपेना. गाडी म्हणजे जत्रा, जत्रेत कोण झोपतं? पहिली तारीख दाराशी येऊन उभी राहिली. एका दुपारी, बाळ रडून रडून लाल झालेलं असताना, तिने गाडी काढली आणि न बोलता कालव्याच्या रस्त्याला घातली. समोर सरळसोट, रिकामा रस्ता. चाळीस. पाय स्थिर. घरघर सुरू झाली, ती जुनी, लाडकी घरघर. मागे रडणं मंदावलं. आरशात तिने पाहिलं, पापण्या जड झाल्या होत्या.

दुसऱ्या पुलापर्यंत, बस, तेवढंच.

पण तिच्या हाताला घासल्या जाणाऱ्या काचेची सवय होती. तिला दिसत होतं, आत कुठेतरी भिंत गुळगुळीत होत चालली आहे, जन्माची. "माफ कर रे सोन्या," ती म्हणाली आणि पाय दाबला. भोंगा कालव्यापलीकडे गेला. घरी येईपर्यंत दोघंही रडत होती, पण ओढून आणि सोडून.

*

शेवटच्या रविवारी डोंगराच्या रस्त्याने जायचं ठरलं. चढ, उतार, वळणं, रिंगांना यापेक्षा चांगला व्यायाम नाही. निघायची एवढी घाई झाली की नवऱ्याने तेल पाहिलं, पाणी पाहिलं, आणि क्लॅम्प चाचपायचे राहून गेले.

पहिल्या वळणापासून धिंगाणा. "ओढ!" "सोड!" झाडं वर जायची, दरी खाली जायची, बोचकं हसून हसून लोळागोळा. सासूबाईंनी मध्येच गाणं लावलं, गाडीत नाही, तोंडाने, आणि चढाला सूर वर, उताराला खाली. नवरा म्हणाला, "आई, दरड कोसळेल." "कोसळू दे," त्या म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हा एवढी हसले नव्हते."

आणि मग, कितव्या तरी वळणावर, सोडीला कुणी हसलं नाही.

तिने आरशात पाहिलं. बोचक्याची मान खांद्यावर. तोंडाचा चंबू. एका हातात आजीचं बोट.

कुणी श्वास घेतला नाही. त्या सगळ्या आरडाओरड्यात, ओढीत आणि सोडीत, एकसुरी घरघर नसताना ते झोपलं होतं. नवऱ्याने दोन्ही मुठी वर करून मूक नाच केला. तिने ओठ चावले.

तेवढ्यात काटा हलला.

मधोमध होता, तो वर सरकला. एक केस. दोन केस. तिने बोटाने दाखवला. नवऱ्याने पाहिला. त्याने मागे पाहिलं. तिने मागे पाहिलं. नवऱ्याचा हात आपोआप उठला आणि लांबच्या वळणाकडे वळायला लागला, म्हणजे तेवढं वळणापर्यंत...

"थांबव," ती म्हणाली. स्वतःलाच. आणि गाडी कडेला घेतली.

आता किल्ली फिरवायची होती. किल्ली फिरवली की शांतता, शांतता झाली की डोळे, डोळे उघडले की परवाची पहिली तारीख, ते स्टूल, तो सूं आवाज, सगळं. तिघांनीही तोंडावर हात धरले. तिने डोळे घट्ट मिटले आणि किल्ली फिरवली.

शांतता. कुठेतरी एक पक्षी. बॉनेटखाली टिक, टिक, टिक.

बोचक्याचा एक डोळा उघडला.

तो डोळा आजीवर फिरला, बापावर फिरला, आईच्या मानेवर येऊन थांबला. ओठांनी हवेतच दोनदा चोखल्यासारखं केलं. आणि डोळा मिटला.

ती हसली नाही. हसणं बाहेर येऊ न देता ती नुसती थरथरत राहिली. नवऱ्याने सीटबेल्ट दातात धरला. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि त्यांचा सगळा देह हलत होता, त्यासोबत सीट, सीटसोबत बोचकं, आणि बोचकं त्या झुल्यावर आणखीच गाढ.

नवरा मांजराच्या पावलांनी उतरला, बॉनेट उघडलं. खुणांनी सांगितलं, एक क्लॅम्प ढिला, थेंब थेंब गळतंय. मग बटणाएवढ्या चकतीकडे वाकून पाहिलं आणि अंगठा वर केला. ठिपका जागेवर होता. तो रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेतो न नेतो तोच आतून तिघांपैकी दोघींनी जोरजोरात माना हलवल्या. तापलेलं झाकण उघडायचं नाही, थंड होऊ द्यायचं. मावशींनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की बोचक्यालाही पाठ असावं.

म्हणून ती वाट बघत बसली. काचेतून ऊन तिरपं येत होतं. तिने डोकं सीटला टेकलं, एक क्षणभर.

जाग आली तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं. खिडकीवर नवऱ्याचा शर्ट सावलीसाठी अडकवलेला, आणि नवरा बनियनवर बाहेर दगडावर बसून शहारत होता. मागे बोचकं तसंच. आजीचं बोट तसंच, आजी हललीच नव्हती.

"गाडी का नाही सुरू केली?" तिने ओठांनीच विचारलं.

"पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही, मावशी म्हणाल्यात," नवरा तसाच म्हणाला.

"मग? झालं नाही थंड?"

"केव्हाच झालं," सासूबाई कुजबुजल्या, आणि दरीपलीकडून कुत्रं भुंकलं. "क्लॅम्प आवळला, पाणी भरलं, सगळं झालं. पण तूही झोपली होतीस ना गं."

*

पहिल्या तारखेला तिने स्टूलवर बसून चाकाला पाणी सोडलं. सूं. दाबायचं, उचलायचं, फिरवायचं. मालक पलीकडच्या टेबलावर चष्म्याच्या काड्या सरळ करत होते. दुपार झाली तशी तिची बोटं चुकायला लागली. न राहवून तिने घरी फोन लावला.

"आई? झोपलं का?"

"अगं, केव्हाचं!" सासूबाई कुजबुजल्या. ती कुजबुज अशी की पलीकडच्या टेबलावर मालकांनी काडी खाली ठेवून वर पाहिलं. "पायावर घेतलं, पाय वर, पाय खाली, ओढ आणि सोड, दहा मिनिटांत गाढ! आता ठेव फोन, उठवशील!"

तिने डोळे मिटून वाट पाहिली. आता भोंगा. आता.

फोनमध्ये फक्त घरातलं घड्याळ ऐकू येत होतं, आणि सासूबाईंचा रोखलेला श्वास.

"उठलं?"

"छे!" सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं कुजबुजून सांगितलं. "कूस बदलली फक्त."